शेजाऱ्यापाशी हवामानाचा विषय काढायचा कसा? ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

हवामानबदलावर कुणी बोलतच नाही, अशी तुमची तक्रार असेल तर मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल पकडा. ऐरोली येईपर्यंत उकाडा, लाइट बिल, पाणीकपात आणि ‘यंदा पाऊस वेळेवर येणार का’ हे चारही विषय होऊन गेलेले असतात. गप्पा आधीपासून चालूच आहेत. नवख्याने त्यात शिरायचं कसं, तेवढंच शिकायचं असतं. ‘वसुंधरा संकटात आहे’ असं म्हणत शिरलात तर समोरचा मोबाइल काढतो. ‘तुमचं बिल किती आलं हो या महिन्यात?’ असं विचारलंत तर तो मोबाइल खिशात ठेवतो.

या भागात नव्याने राहायला आलेल्यांसाठी आणि इथेच वाढूनही या विषयात पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत. पहिली मात्र कुणी गाळू नये.

पायरी १: एक जागा नीट बघून या

नुसतं वाचून बोलायला गेलात तर दुसऱ्याच प्रश्नाला अडकाल. म्हणून घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा निवडा. ठाण्यात उपवन किंवा मासुंदा तलाव, येऊरच्या पायथ्याचा एखादा नाला. नवी मुंबईत पाम बीच रस्त्याकडेची तिवरं (म्हणजे खारफुटी, कांदळवन), ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, नाहीतर जवळचा होल्डिंग पाँड, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारा धारण तलाव. मला विचाराल तर होल्डिंग पाँडच. दिसायला तो अगदी कळकट, पण अख्खं शहर समजावून सांगतो.

नवी मुंबईचा बराच भाग सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, खाडीकाठच्या खाजणावर भराव घालून वसवला. मोठ्या भरतीची पातळी काही ठिकाणी जमिनीपेक्षा वर जाते. म्हणून डच धर्तीवर हे धारण तलाव बांधले. पावसाळी गटारांचं पाणी आधी तलावात येतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपेची दारं असतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ती बाहेर उघडतात आणि तलाव रिकामा होतो. भरती चढली की खाडीच्या रेट्याने ती आपोआप मिटतात. म्हणजे भरतीच्या त्या काही तासांत पडलेला सगळा पाऊस तलावात मावला पाहिजे. नाही मावला तर तो रस्त्यावर आणि तळमजल्याच्या दुकानात.

साडेचार मीटरच्या वरची भरती कोणत्या दिवशी, किती वाजता आहे, ते पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतं. त्या दिवशी छत्री घेऊन सुरक्षित अंतरावर उभे राहा. दार पूर्ण मिटतंय की मध्ये थर्माकोल, पिशव्या, नारळ अडकून फट राहिली आहे? गाळ कुठवर चढलाय? तलावात तिवर किती माजली आहे? खरी गोची इथेच आहे. गाळ काढायचा तर वाटेतली तिवरं काढावी लागतात. तिवरतोडीवर २०१८ च्या निकालाने उच्च न्यायालयाने राज्यभर बंदी घातली आहे, त्यामुळे असल्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. गाळ तसाच राहिला तर तलावाची पोटजागा वर्षागणिक कमी होते. म्हणजे पाणी भरलं म्हणून चिडलेला दुकानदार खोटा नाही आणि तिवर वाचवायला निघालेली मंडळीही खोटी नाहीत. एवढं डोळ्यांनी पाहून आलात की तुमच्या बोलण्यातला घोषणेचा सूर आपोआप उतरतो.

पायरी २: तीन गोष्टी पक्क्या करा, तीसच्या नादी लागू नका

पहिली, तापमानाची. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२४ हे आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष, त्या जुन्या काळाच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून थोडं अधिकच. मात्र एका वर्षाच्या किंवा एका दुपारच्या आकड्यावर वाद जिंकायला जाऊ नका. शास्त्रज्ञ निदान तीस वर्षांची सरासरी बघतात.

दुसरी, पावसाची. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळण्याची शक्यता वाढते. २६ जुलै २००५ ची आठवण इथे प्रत्येकाकडे आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता. तो पाऊस हवामानबदलानेच पडला, असं ठासून सांगू नका. असे दिवस पुढे वाढत जाणार, आणि आपली गटारं जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेली आहेत, एवढं सांगितलं तरी पुरे.

तिसरी गोष्ट उकाड्याची, आणि इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘विदर्भात ४५ असतं, आपल्याकडे ३७-३८ चं काय कौतुक?’ असं सर्रास ऐकू येतं. पण भारतीय हवामान विभाग किनारपट्टीवर उष्णतेची लाट ठरवताना ४० ची वाट बघत नाही. पारा ३७ वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असला तरी ती लाट धरली जाते. कारण दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. पारा त्या दिवशी ३८ च्या आसपास होता. हे उदाहरण देताना राजकारणात घुसायचा मोह आवरा. त्या दिवशी कोण चुकलं यावर बोलणं सुरू झालं की उन्हाचा विषय बाजूला पडतो.

पायरी ३: माणूस बघून विषय काढा

सोसायटीच्या सेक्रेटरीपुढे बिलाची गोष्ट काढा. दम्याची मुलं असलेल्या आईबापांपुढे हवेची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप मोबाइलवर उघडून त्यांना तुमच्या जवळच्या केंद्रावरचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) दाखवा. १०० पर्यंत ठीक, २०० च्या वर वाईट, ३०० च्या वर अति वाईट. हिवाळ्यात खारे-मतलई वारे मंदावतात, गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि बांधकामाची धूळ, गाड्यांचा धूर, औद्योगिक पट्ट्यातला वास सगळं तिच्यातच अडकतं. घोडबंदर रोडवरच्या बाईंना हे पटवून द्यावं लागत नाही, त्या दिवसातून दोनदा खिडकीची चौकट पुसतात. त्यांना फक्त सांगायचं की सकाळचा फिरायचा वेळ त्या आकड्याकडे बघून ठरवा, आणि समोरच्या बांधकामाला हिरवं कापड आणि पाण्याचा फवारा नसेल तर फोटो काढून ठेवा.

आजी-आजोबांपुढे रात्रीचा विषय काढा, दिवसाचा नको. दिवसा तर पूर्वीही उकडायचं. ‘रात्री गार व्हायचं का? अंगणात, गच्चीवर झोपायचात का? पंखा कधी आला घरात?’ नौपाड्यात किंवा चेंदणीत वाढलेल्या कुणालाही विचारा, पुढचा अर्धा तास तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही. सिमेंट-डांबर दिवसभर ऊन पितं आणि रात्री सोडतं, हा शहरी उष्णतेचा सगळा धडा त्या गप्पांतून निघतो, आणि तो तुम्ही शिकवलेला नसतो.

वॉचमनदादा, घरकामाला येणाऱ्या मावशी आणि घंटागाडीवरची मंडळी यांच्याशी मात्र जपून बोला. त्यांना हवामानबदल समजावणं हा आगाऊपणा आहे. पत्र्याच्या केबिनमध्ये दुपारी किती तापतं ते त्यांना विचारा, आणि उत्तर सोसायटीच्या सभेत घेऊन जा.

पायरी ४: ठरलेल्या चार वाक्यांना उत्तर तयार ठेवा

‘चीन-अमेरिका धूर ओकतायत आणि आमच्या एका पिशवीने काय होणार?’ हे तर हमखास येणार. यावर आधी ‘बरोबर आहे काका’ म्हणा, कारण ते बरंचसं बरोबर आहे. माणशी उत्सर्जन धरलं तर भारत जगाच्या सरासरीच्याही बराच खाली आहे. मग हळूच विचारा, ‘पण आपल्या नाल्यात अडकलेली पिशवी कुणाची?’ धुराचा हिशेब जगाचा असला तरी तुंबलेलं गटार आपल्याच विभागाचं असतं.

‘म्हणजे विकास नको का?’ हा प्रश्न सापळ्यासारखा येतो. हो किंवा नाही म्हणायचं नाही. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला. डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतात. आता तो नको म्हणण्यात अर्थ नाही. ‘आधी तिथे मुरणारं-वाहणारं पाणी आता कुठे जातं?’ हा प्रश्न मात्र विमानतळ आवडणाऱ्यालाही विचारता येतो.

‘सगळं देवाच्या हातात आहे’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. वटपौर्णिमेला फांदी तोडून आणण्यापेक्षा झाडापाशी जाऊन पूजा करू, हे त्याच घरात चटकन पटतं.

आणि ‘सरकार बघेल’ याचं उत्तर सातव्या पायरीत आहे.

पायरी ५: सोसायटीच्या सभेत एकच विषय न्या

बहुतेक नवशिके इथेच पडतात. सौर ऊर्जा, खतनिर्मिती, प्लास्टिकबंदी, झाडं, पाऊसपाणी अशी पाच कलमी यादी घेऊन ते उभे राहतात आणि सभा पार्किंगच्या वादावर संपते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि तिची नोटीस निदान १४ दिवस आधी लागते. तुमचा विषय त्या नोटिशीत छापून आला पाहिजे. ‘आयत्या वेळचे विषय’ यात घुसवला तर पुढच्या वर्षी ढकलतात. म्हणून जुलै-ऑगस्टातच कमिटीला लेखी पत्र द्या, आणि सभेआधी चहाच्या निमित्ताने दोन-तीन घरी जाऊन या. निर्णय चहावर होतो, सभेत त्याची नोंद होते.

सौर ऊर्जेचा विषय निवडलात तर हिशेब कागदावर मांडून न्या. फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठरलेलं होतं. पत्र देण्यापूर्वी योजनेच्या संकेतस्थळावर ताजे नियम बघून घ्या. एका किलोवॉटला सावली न पडणारी सुमारे १०० चौरस फूट गच्ची लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिट वीज मिळते. म्हणजे २० किलोवॉटला २,००० चौरस फूट जागा, ३ लाख ६० हजारांचं अनुदान आणि महिन्याला साधारण २,४०० युनिट. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलात जास्त. त्याखाली सोसायटीच्या सामाईक मीटरचं महावितरणचं बिल जोडा. बस, एवढाच कागद. पृथ्वीचं नावही काढू नका. कुणी विचारलंच तर सांगा की आपली बरीचशी वीज कोळशाची आहे आणि युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो.

घोडं अडतं ते वॉटरप्रूफिंगवर. ‘गच्चीला भोकं पाडणार आणि चौथ्या मजल्यावर गळणार!’ ही भीती खोटी नाही. त्याला दोन उत्तरं आहेत: वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते आधी, पॅनल नंतर, आणि भोकं न पाडता सिमेंटच्या वजनदार ठोकळ्यांवर ढाचा उभा करता येतो, मात्र वाऱ्याचा आणि स्लॅबवरच्या वजनाचा हिशेब इंजिनीअरकडून सहीसकट घ्यायचा. ज्यांच्या डोक्यावर गच्ची आहे त्या वरच्या मजल्यावरच्यांना कोटेशन आधी दाखवा. एवढं केलंत की निम्मा विरोध गेला.

ओल्या कचऱ्याचा विषय स्वस्त आहे, पण नाकाशी संबंधित असल्यामुळे जास्त नाजूक. डम्पिंगवर ओला कचरा हवेविना कुजला की मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो, आणि डम्पिंगच्या आगी धुमसत राहतात त्याही याच वायूमुळे. सभेत मात्र लोकांना एकच जाणून घ्यायचं असतं: वास येणार का? खतपेटी ओली झाली तर येणारच. त्याची परीक्षा सोपी आहे. मूठभर मिश्रण घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालून वरखाली करा. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर थोडं पाणी शिंपडा. सुका पाला आवारातच मिळतो. माळीकाका तो जाळत असतील तर आधी ते थांबवा, पोत्यात भरून ठेवायला सांगा. नारळाच्या करवंट्या, हाडं आणि उसाची चिपाडं पहिल्या वर्षी घेऊच नका. सभेत खताची पिशवी फिरवा, लोक हुंगून बघतात. जंगलातल्या मातीचा वास आला की मतं फिरतात.

पायरी ६: कोळीवाड्यात ऐकायला जा

दिवाळे, सारसोळे, वाशी गाव, चेंदणी कोळीवाडा इथली जुनी माणसं खाडीबद्दल जे सांगतात ते कुठल्या केंद्रात ऐकायला मिळत नाही. जिताडा पूर्वी कुठे मिळायचा, निवट्या आणि चिंबोऱ्या कुठे कमी झाल्या, कोणत्या वर्षापासून जाळ्यात माशापेक्षा प्लास्टिक जास्त येतं. वही घेऊन गेलात तरी चालेल, कॅमेरा आधी विचारून काढा. आणि पहिल्याच भेटीत फ्लेमिंगोंचं कौतुक लावू नका.

त्याला कारण आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. साधारण नोव्हेंबर ते मे हजारो रोहित पक्षी इथे उतरतात, ऐरोलीहून बोटीने बघायला गर्दी होते. आपल्याला वाटतं, पक्षी आले म्हणजे खाडी सुधारली. पण हे पक्षी ज्या सूक्ष्म शैवालावर जगतात ते सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर फोफावतं, म्हणून खाडीच्या प्रदूषणाचाही त्यांच्या गर्दीत वाटा असावा, असं अभ्यासक मानतात. ज्याच्या जाळ्यातली मासळी त्याच सांडपाण्याने गेली, त्याला गुलाबी पक्ष्यांचे फोटो दाखवून काय मिळणार? दोन्ही गोष्टी एकाच खाडीत घडतायत हे कळलं की तुमचा प्रश्न बदलतो: सांडपाणी कुठून येतं, आणि प्रक्रिया होऊन येतं का?

पायरी ७: महापालिकेशी बोलणं म्हणजे कागद

फोनवर भांडून कुणाचं भलं झालेलं नाही. नवी मुंबईत विभाग कार्यालय, ठाण्यात प्रभाग समिती कार्यालय. तक्रार एका पानाची: ठिकाण, तारीख, वेळ, फोटो, आणि नेमकं काय करून हवं. ‘परिसर अस्वच्छ आहे’ असं लिहू नका. ‘अमुक चौकातल्या पावसाळी गटाराच्या तोंडाशी राडारोडा टाकला आहे, तो पहिल्या मोठ्या भरतीच्या आत उचलावा’ असं लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

झाड तोडण्याची नोटीस बुंध्यावर दिसली तर तिचा फोटो लगेच काढा आणि दिलेल्या मुदतीत वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत द्या. १९७५ च्या वृक्ष संवर्धन कायद्याचा तो आधार आहे. तिवरांवर रात्री डम्पर रिकामे होताना दिसले तर एकट्याने अडवायला जाऊ नका, लांबून नोंद घेऊन पोलीस आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा. महिनाभर उत्तरच आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. त्यात ‘का केलं नाही’ विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची, अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांसह प्रत द्यावी’ असं मागा.

कर्मचाऱ्यांशी बोलताना आवाज खाली ठेवा. गटारात उतरणारा माणूस निर्णय घेणारा नसतो, आणि धारण तलावाचं दार कुठे अडकतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पायरी ८: व्हॉट्सॲप

सोसायटीच्या ग्रुपवर वाद घालू नका, जिन्यात घाला. ग्रुपवर फक्त उपयोगाचं टाका: आज उष्णतेचा इशारा आहे, वॉचमनच्या केबिनजवळ पाण्याचा माठ भरलाय. उद्या दुपारी मोठी भरती आहे, तळमजल्यावरच्यांनी गाड्या वर घ्या. कुंड्यांखालच्या बश्या रिकाम्या करा, डेंगीचा डास त्यातच अंडी घालतो. वितळणाऱ्या हिमनगांचे आणि अस्वलांचे व्हिडिओ कुणी पाठवले तर अंगठ्याचा इमोजी टाकून पुढे जा. फॉरवर्ड आलेला आकडा खोटा वाटला तर पाठवणाऱ्याला खासगीत सांगा. चारचौघांत खोटं पाडलेला माणूस पुढच्या सभेत तुमच्या विषयावर हात वर करत नाही.